दोन विहिरी, एक कांडी

निरोपसमारंभाच्या फोटोत ऑफिसातली सगळी माणसं स्वच्छ आली आहेत. ज्यांचा निरोप होता ते काका तेवढे हललेले आहेत. त्यांच्यासाठी मधोमध खुर्ची ठेवली होती, गळ्यात हार घातला होता, फोटोवाला "जरा थांबा, जरा थांबा" म्हणत होता. काका बसले आणि नेमके त्याच वेळी कशासाठी तरी उठले. फोटोत खुर्ची दिसते, हार दिसतो आणि हाराच्या वर नुसता पांढरट धूर. शेजारी मी उभा आहे. माझा चेहरा अगदी साफ आला आहे. तो मला बघवत नाही.

काका सांख्यिकी सहायक होते. आमचं ऑफिस तालुक्याच्या गावी. उन्हाळ्यात कोणत्या गावाला पाण्याचा टँकर द्यायचा याची यादी आमच्या आकड्यांवरून ठरायची, आणि आकडे काका आणायचे. मी त्यांच्या हाताखाली लागलो तेव्हा हिंगोली अजून परभणी जिल्ह्यातच होती. मी पंचविशीतला, बी.एस्सी. झालेला. आकडेमोडीत मला कुणी हरवणार नाही असा माझा समज होता.

काका बसायचे नाहीत. भाकरी उभ्याने खायचे, बेरीज टेबलाभोवती फिरत करायचे. दोन्ही कानांवर पेन्सिली, एक लाल, एक निळी. त्यांच्या खुर्चीवर दोर ठेवलेले असायचे.

दोरांचं सांगितल्याशिवाय काका कळणार नाहीत. तालुक्यातल्या ज्या ज्या विहिरीची पातळी ते मोजायचे, तिच्या नावाचा एकेक सुती दोर त्यांच्याकडे होता. टोकाला दगड बांधायची गाठ, वरच्या टोकाला कापडाची पट्टी, पट्टीवर दोऱ्याने शिवलेलं गावाचं नाव. दर महिन्याला दोर विहिरीत सोडायचा, पाणी लागेल तिथे एक चिंधी बांधायची. चिंधी त्याच गावातली हवी, त्याच विहिरीवर पाणी भरणाऱ्या बाईच्या लुगड्याची. वर्षभरात दोरावर बारा चिंध्या व्हायच्या. पावसाळ्यातल्या वर, उन्हाळ्यातल्या खाली. आम्ही कागदावर जो आलेख काढतो, तो त्यांच्याकडे असा गुंडाळून ठेवलेला असे.

ऑफिसला मीटर हवे असत, बाया परसात बोलत. उभा माणूस हात वर करून जेवढा होतो तेवढं एक परस. काका दोन्ही लिहायचे, पण विचार परसातच करायचे. मी एकदा दशांश चिन्हापुढे दोन आकडे लिहिले तर म्हणाले, "एवढं बारीक पाणी कोण पेतं रे?"

दोर सायकलच्या हँडलला अडकवून ते गावोगाव फिरत. एकदा आखाडा बाळापूरच्या बाजारात एका माणसाने त्यांना थांबवून विचारलं, "काका, दाव्याचा काय भाव?" काकांनी सायकल लावली आणि उलट विचारलं, "म्हशी किती?" तो म्हणाला, दोन. "कोणाच्या?" तो म्हणाला, एक माझी, एक भावाची. "मंग एक दावं घेऊन कसं भागंल? भावाला इचारून ये." तो माणूस खरंच भावाला विचारायला गेला.

किती आणि कोणाचं. हे दोन प्रश्न ते सगळ्यांना विचारत. कुणी म्हणालं, यंदा पाऊस चांगला झाला, तर "किती? कोणाच्या शेतात?" शिपाई म्हणाला, लई तकलीफ हाय, तर "किती? कोणाला?" लोक कंटाळत. मीही कंटाळायचो. आज मीच एखाद्याला हे विचारतो आणि तोंड दुसरीकडे फिरवतो.

मांडणीची त्यांची एक पद्धत होती. साहेबांपुढे काही ठेवायचं असलं की ते आधी ऑफिससमोरच्या हॉटेलवाल्याला दाखवायचे. तो निरक्षर होता, आणि स्पष्टवक्ता. भजी तळता तळता ऐकायचा आणि न कळलं तर झारा वर करून म्हणायचा, "काका, डोक्यावरून गेलं." मग काका परत ऑफिसात येऊन सगळं नव्याने मांडायचे. मला म्हणायचे, "त्याला समजलं तर साहेबाला समजते. साहेबाला समजलं म्हणून त्याला समजंल असं न्हाई."

दोरांची बैठक मी पाहिली आहे. नव्वदच्या दशकातला तो एक कडक उन्हाळा. साहेबांपुढे तक्ते ठेवायचे होते. काकांनी तक्ते ठेवलेच नाहीत. साहेबांच्या टेबलाच्या पायाला त्यांनी सगळ्या दोरांची टोकं बांधली आणि एकेक दोर सोडत गेले. बरेचसे हॉलमध्येच संपले. दोन दारापर्यंत गेले. एक मात्र दाराबाहेर पडला, व्हरांडा उतरला आणि सायकलस्टँडच्या लिंबाखाली गेला. काका म्हणाले, "साहेब, हा तेवढा धरून चला." साहेब मोठ्या मनाचे होते, दोर हातात धरून चालत गेले. मागे आम्ही सगळे. लिंबाखाली पोचल्यावर काका म्हणाले, "इथं पाणी हाय. आता भरलेली घागर घेऊन टेबलापस्तोर वापस चला."

साहेबांनी यादीवर तिथेच, सायकलच्या सीटवर कागद ठेवून सही केली.

ज्या गावाची गोष्ट मला सांगायची आहे ते बाळापूरच्या पुढे आहे. नाव लिहीत नाही. गावाला दोन विहिरी होत्या. गावातली विहीर नाल्याकाठची, तिला उन्हाळ्यातही दोन परसांवर पाणी. दुसरी वस्तीतली, विहाराच्या मागे, खडकात खोदलेली. काकांनी मला पहिल्यांदा तिथे नेलं तेव्हा विहिरीवर गयाबाई नावाची एक म्हातारी होती. काकांना बघून म्हणाली, "आले का दोरवाले? माझं अर्धं लुगडं तुमच्या दोरालाच सपलं की वो."

"मंग उरलेलं अर्धं कशाला ठिवलं?" काका म्हणाले.

तिने पदराची कड टर्रकन फाडून दिली. मग मला घागरीतून पाणी दिलं आणि विचारलं, "कोणत्या गावचं लेकरू हाय?"

"डोंगरकडा," मी म्हणालो.

"कोणाचं?"

मी वडलांचं नाव सांगितलं. ती जरा थांबली, मग हसली. "मंग आपलंच हाय की. पे बाबा, आनखी पे."

खरं होतं ते. माझं लहानपण अशाच वस्तीत गेलं. माझी आई अशाच विहिरीवर दोराला दोर जोडायची, आणि तिच्या तळहाताला पडलेले घट्टे मला शाळेत जाताना गालावर लागायचे. पण ऑफिसात मी हे कधी बोलत नसे. सगळ्यांना माहीत होतं, कुणी विचारत नव्हतं, आणि मी 'वस्ती' हा शब्दच तोंडात येऊ देत नसे. काकांनी त्या दिवशी सगळं ऐकलं. परत येताना एवढंच म्हणाले, "तुझी माय कितव्या परसावरून वढायची?" मी म्हणालो, आठवत नाही. आठवत होतं.

मग जिल्हा वेगळा झाला, दोन-तीन वर्षांत ऑफिसात कॉम्प्युटर आला आणि मला प्रशिक्षणाला पाठवलं. मी तिथून वेगळाच माणूस होऊन आलो. रंगीत आलेख, उडत येणारी अक्षरं, अक्षरांबरोबर टाइपरायटरचा आवाज. शिकवणाऱ्याने एक नियम सांगितला होता: एका स्लाइडवर दहापेक्षा जास्त ओळी किंवा खांब नकोत. मी तो वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या.

नवे साहेब कॉम्प्युटरचे शौकीन होते. उन्हाळ्याच्या आढाव्याला त्यांनी मला दहा मिनिटं दिली. आमच्या मंडळात दहा गावं होती आणि विहिरी अकरा. दहा गावांच्या दहा ओळी बरोबर बसत होत्या. अकरावी तेवढी बाहेर पडत होती. मी त्या गावाच्या दोन विहिरींची सरासरी काढली. गावातली दोन परस, वस्तीतली आठ परस. सरासरी पाच. यादीत जायची रेघ सहावर होती. पाणी जितकं खोल तितकी कांडी उंच, आणि रेघेच्या वर गेलेल्या कांडीला टँकर. आलेखातल्या उभ्या खांबांना काका कांड्या म्हणत, हळदीच्या कांड्यांसारखं. त्या गावाची कांडी रेघेखाली राहिली.

हे मी ठरवून केलं का? खूप वर्षं मी स्वतःला सांगत आलो की नाही. अकरावी ओळ बसत नव्हती, एवढंच. मला स्लाइड सुंदर हवी होती.

बैठकीच्या सकाळी काकांनी छापलेला कागद बघितला. चालता चालता थांबले. काका थांबले की काहीतरी बिघडलेलं असे.

"ह्या गावाचे दोन दोर हायेत माझ्याकडं. तू एकच कांडी काहून केली?"

"काका, एका स्लाइडवर दहाच ओळी बसतात."

"मंग दुसरी स्लाइड कर."

"साहेबांनी दहाच मिनिटं दिलीत. आता बदलत बसलो तर सगळं हलतंय."

"हॉटेलवाल्याला दाखवलं का?"

"प्रोजेक्टर काय हॉटेलात नेऊ का, काका?" मी जरा चिडूनच म्हणालो.

त्यांनी कागद माझ्या हातात दिला. "दोन परस पाणी गावात हाय. आठ परस वस्तीत. पाच परसावर कोणाचीच घागर बुडून न्हाई राहिली."

मला ते पटलं. पटलं नसतं तर आज मी हे लिहीत बसलो नसतो. मी म्हणालो, "तोंडी सांगतो. ती स्लाइड आली की सांगतो."

"सांगशील ना?"

"सांगतो ना, काका."

सभागृहाच्या खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केला होता. प्रोजेक्टर एका कॉलेजातून मागून आणलेला. पहिली अक्षरं टकटक करत उडत आली तेव्हा मागून कुणीतरी टाळी वाजवली. साहेब खुर्चीत पुढे सरकले. "वा. एका नजरेत कळतंय. नाहीतर इथं दोरखंड पसरून बसायचो आपण."

लोक हसले. काका मागच्या दाराशी झोळी खांद्याला लावून उभे होते. अंधारात त्यांचा चेहरा दिसत नव्हता.

ती स्लाइड आली. वाक्य माझ्या तोंडात तयार होतं: सर, या गावाला दोन विहिरी आहेत, वस्तीतली आठ परसांवर गेली आहे. एवढंच. पण त्यात तो शब्द होता. तो म्हटला की सगळे माझ्याकडे बघतील, मनात म्हणतील, आपल्या माणसांचं बोलला. आणि आत्ताच तर साहेब वा म्हणाले होते. तेवढ्यात लाइट गेली.

"घ्या," साहेब म्हणाले. "आता?"

"काकांचे दोर हायेत की," कुणीतरी म्हणालं. पुन्हा हशा.

साहेब वाईट नव्हते. त्यांनी खरंच विचारलं, "काका, आणलेत का हो?"

"हायेत, साहेब." काका पुढे आले. कुणीतरी खिडकीची सतरंजी सरकवली होती, त्या उजेडात मला दिसलं, त्यांनी हात झोळीत घातला होता आणि एकाच दोराची पट्टी बाहेर आली होती.

मी म्हणालो, "नको सर, जनरेटर सुरू करून राहिलेत. दोनच मिनिटं."

काकांचा हात झोळीतच राहिला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. मी पुढे काय करतो ते बघत होते, मोजणीला दोर सोडल्यावर बघायचे तसे.

जनरेटर घरघरला. कांड्या पुन्हा भिंतीवर आल्या. साहेबांनी नेमकं त्याच कांडीवर बोट केलं. "हे गाव?"

"रेघेखाली आहे, सर. गरज नाही."

बैठक संपल्यावर मी हॉटेलात गेलो. काका उभ्याने चहा घेत होते. माझ्यासाठीही सांगितला.

"सांगितलं न्हाईस," ते म्हणाले.

"राहून गेलं, काका."

"व्हय," ते म्हणाले. "ऱ्हायते कधी कधी."

हॉटेलवाला आमच्याकडे बघत झारा हलवत होता.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या दालनात जाऊन सगळं सांगता आलं असतं. दालन माझ्या टेबलापासून बावीस पावलांवर होतं. मोजायची सवय काकांनीच लावली होती. मी एकदा बारा पावलं गेलो आणि पाणी पिऊन परत आलो. काकांनी त्याच दिवशी फेरअहवाल लिहिला, स्वतःच्या सहीने. 'मोजणीत माझ्याकडून एक विहीर नजरचुकीने राहिली' असं त्यात होतं. मी तो कागद वाचला. माझं नाव त्यात कुठेच नव्हतं. तो कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरायला महिना लागला. महिनाभर काका त्याच्या मागे फिरत राहिले. एकेका बाबूच्या टेबलाशी उभे राहायचे, तो बसा म्हणायचा, ते बसायचे नाहीत. टँकर लागला तेव्हा मृग तोंडावर आला होता.

त्या महिन्यात वस्तीतल्या बाया विहिरीत उतरून वाटीने घागर भरत होत्या. गयाबाई तिसऱ्या-चौथ्या पायरीवरून घसरली. खुब्याचं हाड मोडलं. त्यानंतर ती चालली नाही.

मला हे काकांनी सांगितलं. माझ्या टेबलापाशी आले, दोन्ही हात टेबलावर टेकवले. मी कॉम्प्युटरवर काहीतरी करत होतो, करत राहिलो.

"तुमची गावाची सरासरी बराबर होती," ते म्हणाले. मला ते पहिल्यांदाच तुम्ही म्हणाले. "मी पुना करून बघितली. पाचच येते." मग म्हणाले, "इचारा की. किती?"

मी एक फाइल उघडली आणि परत बंद केली.

"एक," ते म्हणाले. "आता इचारा, कोण."

मी विचारलं नाही. त्यांनीच नाव सांगितलं आणि चालायला लागले.

माझं कौतुक होत राहिलं. जिल्ह्याच्या ठिकाणी बदली झाली, बढती झाली. काका निवृत्त झाले आणि तो फोटो निघाला. आणखी दोन-तीन वर्षांनी मी कुरुंद्याला त्यांच्या घरी गेलो. ठरवून गेलो होतो, माफी मागायला. हळदीचे दिवस होते. अंगणात कढई चढवलेली, वाफेने डोळे चुरचुरत होते, आणि काका कढईभोवती काठी घेऊन फिरत होते.

"बसा," ते म्हणाले. स्वतः फिरतच.

हळद किती शिजली की उतरवायची, मुलगा कशी घाई करतो, त्याला कांडी मोडून बघायला कसं शिकवलं, हे सांगत राहिले. माझा चहा निवला. शेवटी मी म्हणालो, "काका, त्या दिवशी बैठकीत मी..."

"त्या दिवशी लाइट गेली व्हती," काका म्हणाले.

मी पुन्हा तोंड उघडलं. ते घरात निघून गेले आणि एक दोर घेऊन आले. पट्टीवर त्या गावाचं नाव आणि खाली बारीक टाक्यात 'वस्ती'. "हा तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या. इथं हळदीनं पिवळा होऊन जाईल."

नंतर काका गेल्याची बातमी मला चार दिवसांनी कळली. गयाबाई त्यांच्या आधीच गेली होती. तिच्याकडे मी कधीच गेलो नाही. हेही इथे लिहायला हवं.

आता माझ्या हाताखाली नवीन मुलं-मुली येतात. आकड्यांवरून स्लाइड कशी करायची ते मी त्यांना शिकवतो. चांगला शिकवतो म्हणतात. वर्गात मी बसत नाही, फिरत राहतो, ही सवय मला केव्हा लागली ते कळलं नाही. दोर बरीच वर्षं कपाटात होता. परवा वर्गात एका मुलाने तेवीस गावांची सरासरी काढून एक छान हिरवी कांडी दाखवली. मी छान म्हणायला तोंड उघडलं आणि मला म्हणता येईना. मी कपाट उघडलं. पहिल्या बाकावरच्या मुलीच्या हातात दोराचं दगडाकडचं टोक दिलं आणि म्हणालो, "धरून चाल."

ती हसत निघाली. बाकांच्या मधून गेली, दारातून बाहेर पडली. दोर माझ्या हातातून सरकत होता. एकेक चिंधी बोटांना लागून पुढे जात होती, विटलेली, मऊ. वर्गातली मुलं आधी हसली, मग माना वळवून दोराकडे बघायला लागली. पोरगी व्हरांड्यात दिसेनाशी झाली. वेटोळं अजून हातात होतं.

बाहेरून तिचा आवाज आला. "सर, अजून किती?"

मुलं माझ्याकडे बघत होती. दुसरा प्रश्न विचारायचा असतो हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. मी त्यांना गयाबाईचं नाव सांगितलं. मग वस्ती म्हणालो. मग, माझा हात अजून दोर सोडत असताना, ती सरासरी कुणी काढली होती ते सांगायला सुरुवात केली.